आकड्याखालची ओळ

वाडीत अमरावती रोडवरून आत वळलं की गोदामांची रांग लागते, आणि ती संपता संपता एका पत्र्याच्या शेडातून दिवसभर घरघर ऐकू येते. ती रुपरावची चक्की. पाटी आहे, पण पिठानं इतकी पांढरी झालेली की वाचायची तर आधी पुसावी लागेल. कोणी पुसत नाही. पाटी वाचून दळण टाकायला आलेलं माणूस अजून कोणी पाहिलेलं नाही, लोक घरघर ऐकून येतात.

रुपराव दळतो आणि त्याची बायको जयवंता डबे सांभाळते, ही वाटणी तेहतीस वर्षांची. त्यातली सव्वीस वर्षं जयवंताला एक अक्षर येत नव्हतं. दिवसाला चाळीस-पन्नास डबे यायचे. दुसरे चक्कीवाले डब्यावर चिठ्ठी चिकटवत, हिनं कधी चिकटवली नाही. कोणाच्या कडीला सुतळी बांधली आहे, कोणाच्या झाकणाला पोचा आहे, कोणाचा डबा पूर्वी तेलाचा होता, हे सगळं तिच्या डोक्यात. एकदा एकाच दुकानातले दोन कोरे डबे एकाच सकाळी आले. दोन्हीत गहू, वजनही सारखं. तिनं झाकणं उघडून मूठभर गहू हातावर घेतला, वास घेतला, आणि कोणता कोणाचा ते सांगून मोकळी झाली. तेहतीस वर्षांत तिच्या हातून एक डबा दुसऱ्या घरी गेला नाही. ही गोष्ट ती स्वतः कोणाला सांगत नसे, पण दुसरा कोणी सांगू लागला तर त्याला थांबवतही नसे.

अक्षरं तिला छप्पन्नाव्या वर्षी भेटली. अंगणवाडीच्या खोलीत दुपारी मोठ्या बायांचा वर्ग भरायचा. बाकीच्या बाया सही यायला लागली तशा घरी बसल्या. जयवंता बसली नाही. वर्ग संपला तरी तिचा अभ्यास चालू होता, आणि पुस्तक म्हणाल तर वाडीच्या नाक्यावर अडकलेल्या ट्रकांची पाठ. तिथं आईचा आशीर्वाद असायचा, गावाचं नाव असायचं, पोरांची नावं असायची, नजर लावणाऱ्याला दिलेल्या शिव्या असायच्या. ती रस्त्याच्या कडेला उभी राहून अक्षराला अक्षर जोडायची, आणि अर्धं वाक्य जुळलं न जुळलं तोच सिग्नल सुटायचा. ट्रक निघून जायचा. राहिलेलं अर्धं वाक्य मग दिवसभर तिच्या जिवाला लागून राहायचं. तेव्हापासून तिला एक सवय जडली. जे जागेवर उभं आहे, ते ती शेवटपर्यंत वाचते. काडेपेटी असो, औषधाची बाटली असो, नाही तर बिलाच्या मागची मुंगीएवढी अक्षरं.

रुपराव चौथी शिकलेला. तो तिला हसायचा. म्हणायचा, पहिला शब्द वाचायचा आन् शेवटचा वाचायचा, मधात काय राहते?

चक्कीत फोन आणला तो सुनेनं, श्वेतानं. तिचा नवरा ट्रकवर, महिन्यातले वीस दिवस बाहेर. ती स्वतः एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात. तिथं सगळा कारभार व्हॉट्सॲपवर चाले. गाडी कुठं पोचली, माल उतरला का, पावती कुठं आहे, पार्टी विचारायची आणि ड्रायव्हर तिथंच उत्तर द्यायचा. श्वेतानं पाहिलं की गोदामांच्या मागं नव्या बिल्डिंगा उभ्या राहिल्या आहेत, तिथल्या बाया डबा डोक्यावर घेऊन चक्कीवर येणाऱ्या नाहीत, पण त्यांच्या घरी गहू-ज्वारी तर आहेच. तिनं चक्कीच्या नावानं एक नंबर घेतला आणि दोन रविवार बसून सगळं जमवलं. कोणी त्या नंबरावर नमस्कार लिहिला की आपोआप उत्तर जायचं: एक म्हणजे गहू, दोन ज्वारी, तीन बेसन, चार उपासाचं. आकडा लिहा, किलो लिहा, डबा दाराशी ठेवा. शेजारचा पोरगा बंटी आपल्या ई-रिक्षात डबे आणायचा आणि दळून झाले की पोचवायचा.

शेवटी जाणारा निरोप श्वेतानं एवढाच ठेवला होता: ऑर्डर मिळाली, धन्यवाद. जयवंतानं तो वाचला आणि तिला तो पटला नाही. माणूस दारात आलं तर आपण एवढं तुटक बोलतो का, असं तिनं विचारलं. मग तिनं सांगितलं आणि सुनेनं लिहिलं: "तुमची ऑर्डर मिळाली. तुम्ही सांगितलं तसं दळून देऊ. धन्यवाद. रुपराव चक्की, वाडी." आपल्या तोंडचं वाक्य फोनवर छापलेलं पाहून जयवंतानं ते चार वेळा वाचलं होतं.

प्रश्न एवढाच उरला की दिवसा फोन सांभाळायचा कोणी. श्वेता नवाला जायची ती सहाला यायची. जयवंता म्हणाली, मी सांभाळते. रुपरावनं बंटीकडं पाहिलं आणि दोघं हसले.

"एक मेसेज वाचाले तुले पाच मिनिटं लागते वं," रुपराव म्हणाला. "तवरीक लोक दुसऱ्या चक्कीत दळून, भाकरी खाऊन, हात धुऊन मोकळे होतीन."

"खाऊ द्या," जयवंता म्हणाली. "चुकीचं पीठ तर नाही खानार."

मग रुपरावनं अट घातली, आणि बंटीच्या देखत घातली म्हणजे ती पक्की झाली. दसऱ्यापर्यंत फोन जयवंतापाशी. तोवर एक जरी डबा चुकला, तर फोन श्वेताच्या कपाटात, हा नंबर बंद, आणि जयवंतानं पहिल्यासारखं नुसते डबे उचलायचे. ती हो म्हणाली. फोनसाठी तिनं जुन्या साडीची एक पिशवी शिवली, गळ्यात अडकवायची. पीठ जाऊ नये म्हणून तिला दोन नाड्या.

महिनाभरात तिला नवी गिऱ्हाइकं तशीच ओळखू यायला लागली जसे डबे यायचे. कोण रोज सकाळी फुलांचं चित्र पाठवतं, कोण नमस्कारही न लिहिता आकडा फेकतं, कोण काकू म्हणतं. कधी न भेटलेली माणसं तिला काकू म्हणत होती, आणि म्हणत होती ती लिहून. दुपारी लाईट गेली की ती पोत्यावर बसायची आणि सकाळपासूनचं सगळं बोट ठेवून पुन्हा वाचायची. आयुष्यात पहिल्यांदा तिच्या नावानं काही येत होतं. हा फोन तिला सोडायचा नव्हता.

आता रुपरावच्या मुठीचं सांगितलं पाहिजे, कारण तिच्यावाचून ही गोष्ट होत नाही. ज्वारीचा डबा चक्कीत ओतायच्या आधी रुपराव त्यात आपल्या पोत्यातला मूठभर गहू टाकतो. मोबदला नाही, विचारणं नाही. त्याच्या बापानं त्याला सांगितलं होतं की ज्वारीत मूठभर गहू असला की भाकर थापताना तुटत नाही, नव्या सुनेची लाज राहते. वाडीतल्या कितीतरी सुनांची लाज त्या मुठीनं राखली. रुपरावच्या चक्कीचं पीठ चांगलं, असं लोक म्हणतात ते या मुठीमुळं, हे रुपराव स्वतः धरून चालतो. चक्कीचा नुसता पट्टा बदलला तरी तो चार लोकांना दाखवतो, पण मूठ मात्र गुपचूप टाकतो. पुण्य दाखवून करू नये म्हणतो.

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी चक्कीत पाय ठेवायला जागा नव्हती. चार नंबरचे, उपासाचे डबे रांगेनं लागले होते. त्यासाठी रुपराव चक्की थांबवतो, दगड उघडतो, ब्रशनं घासतो, पुसतो, गव्हाचा कण राहिला तर एखाद्या बाईचा नऊ दिवसांचा उपास मोडायचा. या कामात त्याला घाई खपत नाही, म्हणून बाकीच्या सगळ्या कामात त्या दिवशी घाई असते. दगड उघडायच्या आधी गहू-ज्वारी उरकायची होती. जयवंताच्या गळ्यातला फोन सारखा वाजत होता. नव्या बिल्डिंगीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या अदितीचा डबा बंटीनं आणून ठेवला होता आणि जयवंता तिचा मेसेज काढून त्यावर बोट ठेवत होती.

"वाचून राहिली का पारायण करून राहिली?" रुपराव ओरडला. "नंबर सांग."

रांगेतल्या बाया हसल्या. जयवंतानं आकडा पाहिला आणि फोन पिशवीत टाकला.

"दोन नंबर. तीन किलो," ती म्हणाली.

रुपरावनं डबा उचलला, पोत्यात हात घातला, मूठ सोडली, चक्की घरघरली. बारा वाजता बंटी डबा पोचवून आला.

तीन वाजता लाईट गेली. रुपराव गोणपाटावर आडवा झाला आणि लगेच घोरू लागला. जयवंता दाराशी उजेडाला बसली, पिशवीची नाडी सोडली, आणि रोजच्यासारखं सकाळपासून वाचायला लागली. फुलांची चित्रं, नमस्कार, चार, चार, एक, चार. मग अदिती. वर लिहिलं होतं: काकू, २. ३ किलो. खाली आणखी ओळी होत्या.

"एक विनंती आहे. माझ्या मुलाला गहू अजिबात चालत नाही. डॉक्टरांनी कणभरही नको म्हणून सांगितलं आहे. ज्वारी स्वच्छ चक्कीवर वेगळी दळून मिळेल का? जमत नसेल तर तसं सांगा, मी दुसरी सोय करीन."

आणि त्याच्या लगेच खाली, त्याच मिनिटाला गेलेलं उत्तर: तुमची ऑर्डर मिळाली. तुम्ही सांगितलं तसं दळून देऊ.

जयवंतानं ते पहिल्यापासून पुन्हा वाचलं. तिसऱ्यांदा वाचायची गरज नव्हती, तरी वाचलं. त्या पोरीनं विचारलं होतं, जमत नसेल तर सांगा. आणि आपण सांगितलं की जमतं. आकड्याखाली चार ओळी उभ्या होत्या, कुठं पळून जात नव्हत्या, ट्रकावरच्या थोड्याच होत्या त्या. महिनाभरात एकदा ती बाकीच्यांसारखी भराभर वाचायला गेली, आणि तेही चार बाया हसल्या म्हणून.

रुपराव घोरत होता. तीन किलोत एक मूठ. डबा बरोबर घरी गेला होता, दाण्याचा हिशेब कोणी मागणार नव्हतं. तिनं तोंड उघडलं नाही तर दसऱ्याला फोन तिचाच राहणार होता. तोंड उघडलं तर अट बंटीच्या देखत घातलेली होती. हे सगळं तिच्या मनात आलं, आलं नाही असं नाही. पण ते पुरतं येऊन बसायच्या आत तिचं बोट अदितीच्या नंबरावर होतं.

फोन वाजत राहिला. उचलला नाही. पुन्हा लावला, पुन्हा नाही. श्वेताला लावावा तर ती सांगणार तेवढंच, अजून लावून पाहा. मग जयवंतानं लिहायचं ठरवलं. आजवर तिनं फोनवर हो आणि बरं यापलीकडं काही लिहिलं नव्हतं. पाटीवर अक्षर काढायला हात मोकळा असतो. इथं अक्षर शोधायचं, दाबायचं, दुसरंच उमटलं तर पुसायचं. घामानं बोट घसरत होतं. ते तिनं पदराला पुसलं तर पदराचं पीठ बोटाला लागलं. पण तिनं सोडलं नाही, आणि शेवटी उभं राहिलं ते हे: "पीठ वापरू नका. त्यात गहू आहे. चूक आमची. मी येते. जयवंता."

पाठवलं. दोन खुणा उमटल्या, राखाडी. म्हणजे पोचलं, पण वाचलं नाही.

बंटी बाहेर रिक्षात पाय वर करून सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटत होता.

"बंटी गा, चाल. त्या नव्या बिल्डिंगीत."

"डबा कुठी हाय?"

"डबा द्याले नाही, वापस आनाले."

बंटीनं पाय खाली घेतले. त्यानं एकदा आत झोपलेल्या रुपरावकडं पाहिलं, एकदा तिच्याकडं, आणि पुढं काही विचारलं नाही.

नाक्यावर रिक्षा अडकली. समोर मोठा ट्रक, त्याच्या पाठीवर दोन ओळी भरून काही लिहिलेलं. जयवंतानं मान वर केली नाही. ती फोनवरच्या त्या दोन खुणांकडं पाहत होती. सिग्नल सुटला, ट्रक गेला, आणि वळणावर खुणा निळ्या झाल्या. पाठोपाठ उत्तर आलं, तीनच शब्दांचं. "थांबले आहे. या."

जयवंतानं फोन छातीशी धरला आणि बंटीला म्हणाली की आता हळू चालव, माणसं चिरडशील.

अदिती तिशीतली, कानाला हेडफोन लटकलेला. घरूनच काम करत होती, म्हणून फोन उचलता आला नव्हता. ओट्यावर परातीत ज्वारीचं पीठ, त्यात उकळतं पाणी ओतलेलं, चमचा तसाच उभा. अर्ध्या तासात पोरगा शाळेतून यायचा होता, त्याच्यासाठी भाकरी करायला घेतली होती.

जयवंतानं उंबऱ्याबाहेरच उभं राहून सगळं सांगितलं. मुठीचं सांगितलं, ती कशासाठी टाकतात तेही सांगितलं. अदितीचा चेहरा घट्ट झाला.

"पण काकू, तुमचं उत्तर आलं होतं मला. सांगितलं तसं दळून देऊ म्हणून. मी त्या भरवशावर होते."

इथं जयवंताला म्हणता आलं असतं की ते उत्तर आपोआप जातं, मशीन पाठवते, आमचा काय दोष. खरंही होतं ते.

"पाठोलं मशीननं, पन बोल माह्या आहे," ती म्हणाली. "तुमचं लिहिलेलं मी पुरं नाही वाचलं, आन् माह्या नावानं हो गेलं. हे माहं चुकलं."

अदितीनं परातीतलं सगळं कचऱ्याच्या डब्यात ओतलं, हात धुतले, आणि दार पूर्ण उघडलं. मागच्या वर्षी एका लग्नात कोणीतरी प्रेमानं पुरीचा तुकडा पोराच्या तोंडात घातला होता, तर आठ दिवस तो अंथरुणातून उठला नाही, असं ती सांगत होती. लोकांना सांगून सांगून थकले, म्हणाली. सगळे म्हणतात, एवढ्याशानं काय होतं.

हेच वाक्य घरी गेल्यावर आपल्याला ऐकायचं आहे, हे जयवंताला ठाऊक होतं.

निघताना तिनं पिठाचा डबा उचलला आणि शब्द दिला. सकाळी स्वच्छ पीठ येईल. येणार नसेल तर तेही सकाळीच कळवीन, लिहून.

संध्याकाळी श्वेता घरी आली तेव्हा जयवंता चहा ठेवून बसली होती आणि रुपराव हातपाय धुऊन नुकता टेकला होता. बंटी दारात उभा होता; त्याला कोणी बोलावलं नव्हतं, पण त्याला शेवट पाहायचा होता. जयवंतानं गळ्यातली पिशवी काढून रुपरावसमोर ठेवली आणि सकाळपासूनचं सांगितलं. काही गाळलं नाही, बाया हसल्या तेही नाही.

रुपरावनं चहाचा घोट घेतला.

"एवढ्याशा मुठीनं काय होते वं? माह्या बापापासून टाकून राहिलो. कोनाचं पोट नाही दुखलं."

"आज तुमी दगड कितीक वेळ घासला?" जयवंतानं विचारलं.

"तो उपासाचा होता."

"गव्हाचा एक कन राह्यला तर देव रागावन म्हनून अर्धा घंटा घासला. देवाले तरी काही झालं नसतं. ते लेकरू आठ दिवस उठलं नसतं."

रुपरावनं कप खाली ठेवला.

अट मात्र राहिली होती. तिचा विषय बंटीनं काढला.

"काका, अट तर डब्याची होती. डबा चुकला तर म्हनलं होतं. डबा तर नीट घरी गेला, मीच नेला. चुकली ती मूठ. आन् मूठ तुमची हाय."

"तू चूप रे," जयवंता म्हणाली. "वाचाले मीच चुकली. अट अट आहे." आणि तिनं पिशवी आणखी थोडी पुढं सरकवली.

रुपराव पिशवीकडं पाहत राहिला. ती दोन नाड्यांची पिशवी त्यानं महिनाभर थट्टेवारी नेली होती. मग तो सुनेला म्हणाला की सकाळी त्या पोरीला पीठ द्यायचा शब्द दिला आहे तुझ्या सासूनं, तर ते दळायचं कशावर? आपल्या चक्कीवर तर गव्हाचा धुराळा. घासून देवापुरतं होते, डॉक्टरच्या कणापुरतं होईन का, ते मी नाही सांगू शकत.

श्वेतानं आतल्या खोलीकडं पाहिलं फक्त. तिथं कोपऱ्यात, फुलाफुलांच्या चादरीखाली, तिच्या बापानं लग्नात दिलेली घरघंटी होती. घरात दळायची छोटी विजेची चक्की. उमरेडजवळच्या त्या भल्या माणसानं मुलीला सोय म्हणून दिली होती, पण चक्कीवाल्याच्या घरी चक्की पाठवली, हे रुपरावला इतकं लागलं होतं की तीन वर्षांत त्यानं तिची वायर खोक्याबाहेर काढू दिली नव्हती. व्याह्यानं आपल्याला हिणवलं, हे त्याचं म्हणणं. त्या घरघंटीनं आजवर गहूच काय, कोणताच दाणा पाहिला नव्हता.

रुपराव उठला. आत गेला. चादर ओढल्याचा आवाज आला, मग खोका उघडल्याचा.

"व्याह्याले फोन नका करू आताच," तो आतून म्हणाला. "पह्यले चालते का ते पाहू द्या."

सकाळी सहाला जयवंतानं आंघोळ केली, पेटीतली धुतलेली साडी नेसली, केसांना फडकं बांधलं. तिच्या रोजच्या कपड्यांत गहू बसलेला होता. श्वेताच्या माहेरून, उमरेडहून आलेलं ज्वारीचं पोतं अजून शिवलेलंच होतं, ते उसवलं. सूप नवं, डबा नवा. सासू-सुनांनी आतलं दार लावून घेतलं आणि घरघंटी लावली. तिचा आवाज मोठ्या चक्कीपुढं मधमाशीसारखा. रुपराव उंबऱ्याबाहेर उभा होता. तेहतीस वर्षांत पहिल्यांदाच त्याच्या घरात त्याच्यावाचून दळण चाललं होतं आणि त्याला आत यायची मनाई होती, कारण त्याच्या अंगावर पीठ होतं.

"बारीक येऊन राहिलं का?" त्यानं बाहेरून विचारलं.

"तुमच्यापेक्षा बारीक," जयवंता आतून म्हणाली.

पीठ गेलं. दुपारी अदितीचं उत्तर आलं. भाकरी दोनदा तुटली, तिसरी जमली, पोरानं दोन खाल्ल्या. तिच्याच बिल्डिंगीत एका म्हाताऱ्या बाईलाही गहू बंद आहे, त्यांचं दळून मिळेल का, असं तिनं विचारलं होतं. हे सगळं जयवंतानं बोट ठेवून मोठ्यानं वाचलं, आणि वाचताना कोणी हसलं नाही. पिशवी तिच्या गळ्यात होती. सकाळी दळून झाल्यावर रुपरावनं ती तिच्यासमोर धरली होती आणि म्हणाला होता, "ठेव तुह्यापाशी. मले मधातलं वाचता येत नाही."

त्या रविवारी श्वेतानं आपोआप जाणाऱ्या यादीत एक ओळ वाढवली. पाच म्हणजे गव्हाविना, वेगळ्या घंटीवर. मूठभर गहू हवा की नको, तेही ज्वारीवाल्यांना विचारायचं ठरलं. आणि सगळ्यात खाली काय लिहायचं ते जयवंतानं सांगितलं. सुनेनं ते दुरुस्त करायला घेतलं तर ती म्हणाली, राहू दे, जसं आहे तसंच. तेव्हापासून रुपराव चक्कीच्या नंबरावर नमस्कार लिहिला की उत्तराच्या शेवटी हे येतं: "आणखी काही सांगायचं असेल तर आकड्याखाली लिहा. जयवंताबाई पूर्ण वाचते."

लोक लिहायलाही लागले. कोणी लिहितं थोडं जाडसर ठेवा, कोणी लिहितं सासूबाईंना दात नाहीत. एकानं तर पिठाचं काही न लिहिता मुलगी पास झाल्याचं लिहिलं. जयवंतानं त्याला उत्तर पाठवलं. स्वतः. पूर्ण वाक्यात.

दसऱ्याला चक्कीला झेंडूची माळ होती आणि रांग दाराबाहेर गेली होती. बंटीनं बिल्डिंगीतला एक डबा आणून ठेवला. रुपरावनं झाकण काढलं, आत ज्वारी. सवयीनं हात पोत्यात गेला, मूठ भरली, वर आली, आणि डब्याच्या तोंडावर येऊन थांबली.

"हिच्यात टाकू का?" त्यानं विचारलं.

जयवंतानं पिशवीच्या दोन्ही नाड्या सोडल्या, फोन काढला, मेसेज शोधला आणि पहिल्या अक्षरावर बोट ठेवलं. मेसेज लांब होता. रांगेतली एक बाई म्हणाली की काका, टाका ना, उशीर होऊन राहिला.

"थांबा न बाई," रुपराव म्हणाला. "वाचून राहिली ते."

आणि तो तसाच उभा राहिला, हात पुढं, मूठ घट्ट मिटलेली, तिचं बोट शेवटच्या ओळीवर पोचेपर्यंत.